ट्रेलरचा ब्रेक धरत नाही? आधी अर्थ बघा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेले प्रश्न जवळजवळ सगळे ट्रेलर आणि ट्रॉलीच्या वायरिंगचे आहेत आणि त्याचं कारण उघड आहे, पाऊस उघडलाय, गळीत हंगाम तोंडावर आलाय, चार महिने शेडमागं गवतात उभ्या असलेल्या ट्रॉल्या आता बाहेर निघाल्यात आणि प्लग लावला की एक लाइट लागते तर दुसरी विझते. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात इतकी वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्येच हात घालून बसलोय त्यामुळं हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय म्हणून फक्त गावं देतोय.

प्रश्न (शिरोली) : नमस्कार काका. आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप हाय. एका पार्टीसाठी मिसळचा फूड ट्रेलर बनवलाय, दोन एक्सल, चार चाकं, चारही चाकांना बाहेरून मागवलेले इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक. पिकअपमध्ये ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरच्या ब्रेकला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा) बसवला. वर्कशॉपमध्ये लिव्हर दाबला की चारही चाकांतून टक असा आवाज येतो, चाकाजवळ मीटर लावला की बारा व्होल्ट दाखवतो. पण पन्हाळ्याच्या उतारावर ट्रायल घेतली तर ट्रेलर मागून ढकलतोय, मधेच धरतोय, मधेच सोडतोय. वायरिंग दोनदा नवीन केलं. दीड एमएमची वायर वापरलीय, अर्थ (करंटची परतीची वाट) ट्रेलरच्या चॅसिसला दिलाय. मॅग्नेटच्या दोन्ही वायरी एकाच रंगाच्या हायेत, प्लस-मायनस उलटं झालं असंल का?

उत्तर : दादा, आधी शेवटचं सांगून टाकतो. या मॅग्नेटला प्लस-मायनस नसतो, दोन्हीतली कुठलीही वायर ब्रेकच्या लाइनला आणि उरलेली अर्थला, काही फरक पडत नाही. तो संशय मनातून काढून टाका.

आता आवाजाचं. हा ब्रेक चालतो कसा ते डोळ्यासमोर आणा म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. ड्रमच्या आत एका आर्मच्या टोकाला मॅग्नेट असतो, करंट गेला की तो फिरणाऱ्या ड्रमच्या आतल्या सपाट तोंडाला चिकटतो, ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढायला लागतो, त्या ओढीनं आर्म कलतो आणि आर्म कलला की लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, पसरतात. म्हणजे ब्रेक लावायची ताकद फिरणाऱ्या चाकातूनच येते, मॅग्नेट फक्त हात धरतो. उभ्या ट्रेलरवर येणारा टक आवाज एवढंच सांगतो की मॅग्नेट चिकटला. किती जोरात चिकटला ते तो आवाज सांगत नाही, अर्ध्या करंटवरसुद्धा टक होतंच.

आणि मीटरचे बारा व्होल्ट. यात भले भले फसतात आणि मीही सुरुवातीला फसलेलो आहे. मीटर स्वतः करंट जवळजवळ खातच नाही. वायरच्या चाळीस तारांतल्या एकोणचाळीस तुटल्या असल्या, जॉइंटमध्ये हिरवा गंज भरला असला, तरी त्या एका तारेतून मीटरला बारा व्होल्ट मिळतात आणि तो छातीठोकपणे दाखवतो. पण तिथं मॅग्नेट जोडून करंट मागितला की त्याच जागी सहा-सात व्होल्ट उरतात. म्हणून व्होल्टेज बघायचंच असेल तर मॅग्नेट जोडलेला ठेवून, ब्रेक दाबून, लोडवर बघायचं, आणि खरं तर व्होल्टेजच्या आधी करंट बघायचा.

दहा आणि बारा इंची ड्रमच्या ब्रेकला एका मॅग्नेटला बारा व्होल्टवर साधारण ३ अँपिअर लागतो, सात इंचीला अडीचच्या आसपास. तुमचे चार ब्रेक आहेत म्हणजे १२ अँपिअर यायला पाहिजेत. ९ आले तर एक मॅग्नेट मेलेला किंवा त्याची वायर तुटलेली, ६ आले तर बहुतेक एका अख्ख्या एक्सलला करंट जात नाहीय, चारही मॅग्नेट जिवंत असून ८-९ वर अडकलं तर वायर बारीक किंवा जॉइंट कच्चा, आणि १२ च्या बरंच वर गेलं तर कुठंतरी शॉर्ट. बघा, एका आकड्यात किती माहिती मिळते.

मोजताना पिकअपचा प्लग काढून ठेवा. कंट्रोलर सलग करंट देत नाही, तुकड्या-तुकड्यानं सोडतो, त्यामुळं साध्या मीटरवर भलतेच आकडे दिसतात आणि माणूस चक्रावून जातो. ट्रेलर गाडीपासून सुटा करायचा, ब्रेकअवे स्विच (ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारा) असेल तर तो लाइनमधून बाजूला करायचा, एक चार्ज केलेली बारा व्होल्टची बॅटरी घ्यायची, प्लसमधून २० अँपिअरचा फ्यूज, फ्यूजनंतर मीटर, मीटरमधून ट्रेलरच्या प्लगमधल्या ब्रेकच्या पिनला, आणि मायनस अर्थच्या पिनला. इथं एक काळजी घ्या, बाजारातल्या साध्या मल्टीमीटरची करंटची हद्द १० अँपिअर असते, चार ब्रेक एकदम मोजायला गेलात तर मीटरचा फ्यूज जाईल, म्हणून एकेक एक्सल मोजा, ६ आणि ६. क्लॅम्प मीटर असेल तर फारच सोपं, पण घेताना डीसी करंट मोजणारा आहे ना ते बघून घ्या, दुकानात पुढं ठेवतात ते बरेच नुसते एसीचे असतात, घरच्या मोटारीच्या कामाचे, आपल्या नाही.

आता मूळ दुखणं. तुम्ही लिहिलंय अर्थ ट्रेलरच्या चॅसिसला दिलाय. पण ट्रेलरच्या चॅसिसमधून पिकअपच्या बॅटरीपर्यंत तो परत कसा जातो ते लिहिलेलं नाही, आणि मला पक्की शंका आहे की प्लगमधून अर्थची वेगळी वायर ओढलेलीच नाही. म्हणजे सगळा करंट हिचच्या, म्हणजे ट्रेलर गाडीला अडकवतात त्या जोडाच्या, गोळ्यातून परत जातोय. वर्कशॉपमध्ये ट्रेलरचं वजन गोळ्यावर नीट बसलेलं असतं, लोखंडाला लोखंड टेकलेलं असतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. रस्त्यावर तोच गोळा उडतोय, फिरतोय, वरून त्याला ग्रीस लावलंय, आणि ग्रीसमधून करंट नीट जात नाही. प्रत्येक खड्ड्याला अर्थ तुटतोय आणि जुळतोय. मधेच धरतोय मधेच सोडतोय ही तुमची तक्रार मला तरी शंभर टक्के त्याचीच वाटते.

खात्री करून घ्यायची असेल तर प्लग परत लावा, मीटर व्होल्टवर ठेवा, एक काडी पिकअपच्या बॅटरीच्या मायनसला, एक लांब वायर जोडून दुसरी काडी ट्रेलरच्या चॅसिसला, आणि कुणालातरी कंट्रोलरचा लिव्हर पूर्ण दाबून धरायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर अर्थ चांगला. दोन-तीन व्होल्ट दिसले तर तेवढे व्होल्ट तुमच्या ब्रेकला मिळतच नाहीत, वाटेतच खर्च होतायत. मग कुणाला तरी हिचवर उभं राहून ट्रेलर हलवायला सांगा, आकडा नाचायला लागला की चोर सापडला.

वायरच्या जाडीचाही हिशोब करून बघू. कंट्रोलरपासून शेवटच्या चाकापर्यंत ९ मीटर धरा, जायचे ९ आणि यायचे ९ म्हणजे १८. दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरच्या) तांब्याच्या वायरीत एवढ्या लांबीवर १२ अँपिअरला जवळजवळ अडीच व्होल्ट पडतात. अडीच एमएमला दीड व्होल्ट, चार एमएमला एकाच्या थोडं आत, सहा एमएमला ०.६ च्या आसपास. माझा नियम असा की लोडवर चाकापाशी एक व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नये, म्हणून मुख्य लाइन चार किंवा सहा एमएम, आणि अर्थची वायर त्याच जाडीची, हे फार महत्त्वाचं आहे कारण लोक प्लसला जाड वायर टाकतात आणि अर्थला उरलेला तुकडा लावतात. जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो ना. चारही मॅग्नेटची अर्थ वायर चॅसिसवर न सोडता एकत्र आणून प्लगच्या पांढऱ्या वायरीला जोडा, आणि पिकअपच्या बाजूला कंट्रोलरची पांढरी वायर डॅशबोर्डखालच्या कुठल्यातरी स्क्रूला न अडकवता थेट बॅटरीच्या मायनसवर न्या.

हे सगळं करूनही ब्रेक थोडा मऊ वाटला तर वायरिंगला दोष देऊ नका. नवीन लायनर ड्रमला बसायला वेळ लागतो, आणि मागच्या बाजूच्या छोट्या खिडकीतून ताऱ्याच्या आकाराचं दातेरी चाक फिरवून ॲडजस्ट केलं नसेल तर मॅग्नेट पूर्ण ताकदीनं ओढूनही लायनर ड्रमपर्यंत पोचत नाहीत. चाक जॅकवर घ्या, फिरवायला जड जाईपर्यंत आवळा, मग हलकी घासट राहील इतपत सैल करा. ट्रायल मात्र सपाट रस्त्यावर रिकाम्या ट्रेलरनं घ्या, पन्हाळ्याचा उतार शेवटी.

प्रश्न (कागल) : आमच्या ट्रेलरचा ब्रेकचा फ्यूज उभ्या गाडीवर कधीच जात नाही, हायवेवर पण नाही, पण गावात शिरलो आणि स्पीडब्रेकरवरून गेलो की उडतो. तीन इलेक्ट्रिशियन झाले, सगळे म्हणतात वायरिंग ओके आहे.

उत्तर : ते तिघंही खोटं बोलत नाहीत, उभ्या गाडीवर वायरिंग ओकेच असणार. तुमच्या ट्रेलरची डाव्या चाकाकडून उजव्या चाकाकडे जाणारी वायर एक्सलच्या पाइपच्या आतून नेलीय का ते बघा. दिसायला फार छान दिसतं, वायर कुठंच लोंबत नाही, पण आत ती मोकळी असते, प्रत्येक धक्क्याला पाइपला घासते आणि पाइपच्या भोकाच्या धारेवर कापत जाते, काही महिन्यांनी इन्सुलेशन जातं आणि मोठा धक्का बसला की उघडी तार पाइपला टेकते. माझ्याकडं अशी एक वायर बाहेर ओढली होती, बाहेरून दोन्ही टोकं नवीकोरी, आणि मधोमध बोटभर लांबीत काळं कवच एका बाजूनं तासून काढल्यासारखं आणि आतलं तांबं चकचकीत, जणू कुणी कानस मारलीय.

तपासायला सोपं आहे, त्या वायरची दोन्ही टोकं सोडा, मीटर ओहमवर ठेवून एक काडी वायरला, दुसरी एक्सलला, आणि कुणाला तरी वायर पाइपमध्ये पुढं-मागं ओढायला सांगा. सुस्थितीत असेल तर मीटर काहीच दाखवणार नाही, एकदा जरी आकडा उसळला तरी ती वायर टाकून द्या. नवीन वायर पाइपच्या बाहेरून, कंड्युटमध्ये घालून, दर वीतभर अंतरावर टाय मारून न्या. आणि फ्यूज जातोय म्हणून मोठा फ्यूज टाकायचा नाही, मी हे आवर्जून लिहितोय कारण तीन इलेक्ट्रिशियननंतर चौथा तेच सुचवतो. फ्यूज मोठा झाला की मग वायर जळते.

वायर ठीक निघाली तर मॅग्नेट बघा. दोन वायरींच्या मध्ये ३.२ ओहमच्या आसपास आलं पाहिजे, आणि कुठल्याही वायरीपासून मॅग्नेटच्या लोखंडी अंगापर्यंत काहीच येता कामा नये. आलं तर आतली गुंडाळी उघडी पडलीय, बदला. हबच्या सीलमधून ग्रीस येऊन मॅग्नेट आणि लायनर माखले असतील तर नुसतं पुसून भागत नाही, सील आणि लायनर दोन्ही नवीन.

प्रश्न (शिरोळ) : उसाची डबल ट्रॉली हाय. डाव्या बाजूचा इंडिकेटर दिला की ब्रेकलाइट पण मिणमिणते, टेललाइट पण बारीक होऊन लुकलुकते. मागच्या ट्रॉलीची तर लागली काय आणि नाही लागली काय, दिसतच नाही. बल्ब सगळे नवीन टाकले. २०२१ च्या पुरात दोन्ही ट्रॉल्या आठवडाभर पाण्यात होत्या, तवापासून हे चालू हाय.

उत्तर : पुराचं लिहिलंत ते फार बरं केलंत, निम्मं उत्तर तिथंच आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेनं शिरोलीजवळ हायवेसुद्धा पाण्याखाली घेतला होता, तुमच्याकडं तर कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही, तिथं ट्रॉलीची काय कथा. पुराचं पाणी ओसरतं पण गाळाचं पाणी वायरीच्या आत राहतं, कापडाच्या वातीत तेल चढतं तसं ते तांब्याच्या तारांमधून आत आत चढत जातं. वायर कापून बघा, चांगल्या वायरचं तांबं लालसर चमकतं, पूर खाल्लेल्या वायरचं काळं पडलेलं असतं, टोकाकडून हात-दीड हात कापत गेलं तरी काळंच. त्या तांब्याला ना डाग धरत ना लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी). तशी वायर दुरुस्त करत बसू नका, पूर्ण नवीन ओढा, दोन्ही ट्रॉल्यांची.

आता ही मिणमिण का होते ते सांगतो कारण ही खूण ओळखता आली की पुढच्या वेळी बल्ब बदलण्यात पैसे जाणार नाहीत. दिव्याच्या एका डब्यात इंडिकेटर, ब्रेक आणि टेललाइट तिघांचा अर्थ एकच असतो. तो तुटला की इंडिकेटरच्या बल्बमधून आलेल्या करंटला परत जायला वाट राहत नाही, मग तो शेजारच्या ब्रेकच्या नाहीतर टेललाइटच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि तिकडून लांबचा फेरा घालून अर्थ गाठतो. म्हणून एक लावलं की दुसरं मिणमिणतं. लाइट एकमेकांत मिसळायला लागल्या की समजायचं अर्थ गेला, बल्ब नाही. खात्रीला एक वायर घ्या, एक टोक ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या मायनसला, दुसरं त्या दिव्याच्या डब्याच्या अर्थला टेकवा. लगेच सगळं सुतासारखं सरळ झालं तर झालं निदान.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना अर्थची वायरच नसते, ड्रॉबारच्या पिनवर भरवसा. ती पिन गंजलेली, त्यावर चिखल, त्यावर उसाचं पाचट, आणि डबल ट्रॉलीला अशा दोन पिना. मागच्या ट्रॉलीचा दिवा दोन गंजलेल्या पिनांच्या पलीकडं आहे, तो मिणमिणणार नाहीतर काय. शिवाय हिशोब करा, ब्रेकचा एक बल्ब २१ वॅटचा, दोन ट्रॉल्यांचे चार म्हणजे ८४ वॅट, बारा व्होल्टला ७ अँपिअर, आणि आपण ते घरच्या बल्बच्या वायरीतून नेतो. अडीच एमएम वायर टाका, पांढरी अर्थ वेगळी, पहिल्या ट्रॉलीपासून शेवटच्या डब्यापर्यंत सलग, मधे कुठंही चॅसिसवर सोडायची नाही. एलईडीचे दिवे घेतले तर करंट फारच कमी लागतो, पण अर्थ तुटका असेल तर एलईडीही मिणमिणणारच.

जॉइंट नुसते पिरगाळून टेप मारू नका, टेपखाली पाणी राहतं. लग दाबून बसवा आणि वरून आत गोंद असलेली हीटश्रिंक ट्यूब. प्लगच्या पिनांना पेट्रोलियम जेली, आणि ट्रॉली सुटी असताना प्लग जमिनीवर टाकायचा नाही, तोंड खाली करून ड्रॉबारला अडकवायचा, पाणी आत साठत नाही. ट्रॅक्टरच्या सात पिन सॉकेटला पिनांचे नंबर आत उठवलेले असतात, दोन्ही बाजूंना तेच नंबर जुळवा, रंगावर जाऊ नका.

दादा, एक मनापासून सांगतो. मागच्या ट्रॉलीची लाइट दिसत नाही हे तुम्ही सहज लिहिलंय पण मला ते वाचून बरं वाटलं नाही. रात्री दोनला उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असते, वरून ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि मागून मोटारसायकलवर कारखान्यातली पाळी संपवून घरी चाललेला पोरगा येत असतो. वायरिंग होईपर्यंत निदान मागच्या फाळक्याला आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टरची पट्टी आजच लावा, तिला ना अर्थ लागतो ना प्लस. आणि पट्टी उसाखाली झाकली जाणार नाही इतकी खाली लावा.

प्रश्न (गोकुळ शिरगाव) : कास्टिंग वाहणारा मोठा ट्रेलर आहे, चोवीस व्होल्टचा. एबीएसची लाइट चालू केल्यावर लागते पण गाडी चालू लागली तरी विझत नाही. ड्रायव्हर म्हणतो बल्बच काढून टाकू.

उत्तर : बल्ब काढू देऊ नका, कृपा करून. ट्रेलरच्या एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, प्लग वेगळा असतो, लाइटचा वेगळा. एबीएसच्या प्लगमध्ये एक नंबरला कायमचा प्लस, दोनला किल्लीचा प्लस, तीनला इलेक्ट्रॉनिक्सचा अर्थ, चारला व्हॉल्वचा अर्थ, आणि पाच नंबर वॉर्निंग लाइटची. आधी एक आणि चार मध्ये, मग दोन आणि तीन मध्ये, किल्ली चालू ठेवून चोवीस व्होल्ट येतात का बघा. इथंही नुसता मीटर फसवतो म्हणून सोबत चोवीस व्होल्टचा, २१ वॅटचा एखादा बल्ब जोडून बघा, बल्ब झक्कन पेटला पाहिजे.

सप्लाय ठीक असेल तर बहुतेक वेळा चाकाचा सेन्सर. बेअरिंगचं काम झालं की सेन्सर मागं सरकतो आणि परत आत ढकलायचं राहून जातं. तो स्प्रिंगच्या बुशात घट्ट बसलेला असतो, हातानं आत ढकला, दातेरी रिंगला टेकेपर्यंत, पुढं फिरताना तो आपली जागा आपण घेतो. मग चाक जॅकवर घेऊन दोन सेकंदांत एक फेरा एवढ्या वेगानं हातानं फिरवा आणि सेन्सरच्या वायरींवर एसी व्होल्ट बघा, ०.२ च्या वर यायला पाहिजे. सेन्सरचा ओहम साधारण १ ते २ हजारांच्या मध्ये. चारही चाकांचं मोजून कागदावर लिहा, जे चाक वेगळं पडेल तिथं काम. आणि एक, चोवीस व्होल्टच्या गाडीला बारा व्होल्टच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा ट्रेलर कुणी जोडू नका, व्होल्टेज दुप्पट झालं की मॅग्नेटमधली उष्णता चौपट होते.

प्रश्न (राजारामपुरी) : माझा भाचा अमेरिकेत असतो. त्यानं जुना ट्रेलर घेतलाय. पिवळी वायर डाव्या इंडिकेटरची म्हणून जोडली तर रिव्हर्स टाकल्यावर इंडिकेटर लागतो म्हणे. तिकडं मेकॅनिक फार पैसे घेतात हो, तुम्ही सांगाल का?

उत्तर : सांगतो ना मावशी, आणि त्याची चूक नाही हे पण त्याला सांगा. तिकडं सात पिनच्या प्लगला रंगांच्या दोन पद्धती चालतात. एकीत पिवळी डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची आणि तपकिरी टेललाइटची. दुसरीत, जी कॅराव्हॅनसारख्या ट्रेलरला वापरतात, लाल डावी, तपकिरी उजवी, हिरवी टेललाइटची आणि पिवळी रिव्हर्सची. दोन्हींत निळी ब्रेकची, पांढरी अर्थची आणि काळी बॅटरीच्या प्लसची, तेवढंच समान. त्याला म्हणावं वायरीचे रंग विसर, गाडीच्या सॉकेटच्या प्रत्येक पिनला टेस्ट लॅम्प लावून ती कशाला पेटते ते लिहून घे, ट्रेलरच्या बाजूनंही बॅटरी लावून कुठली वायर कुठला दिवा लावते ते लिहून घे, आणि मग दोन्ही कागद जुळव. तासाभराचं काम आहे.

प्रश्न (गडहिंग्लज) : आमची रोपवाटिका आहे. रोपं घेऊन आजरा, आंबोलीमार्गे खाली सावंतवाडीला जावं लागतं, गाडी मी स्वतः चालवते. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत आणि पुढं एक छोटी बॅटरी आणि वायर-दोरीचा स्विच आहे. बनवून देणाऱ्यानं सांगितलं होतं ट्रेलर सुटला तर हा ब्रेक लावतो. पण तो खरंच लावेल का हे कसं कळणार? घाटात सारखं तेच मनात येतं.

उत्तर : ताई, हा प्रश्न विचारणारं पहिलंच पत्र आहे आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आंबोली उतरताना मनात हे येणं बरोबरच आहे, पण ते मनात ठेवून घाट उतरायची गरज नाही, कारण घरच्या घरी तपासता येतं.

त्याला ब्रेकअवे म्हणतात. दोरी गाडीला बांधलेली, ट्रेलर सुटला की दोरी ताणते, स्विचमधली प्लास्टिकची पिन बाहेर येते, आणि ट्रेलरवरची बॅटरी थेट चारही मॅग्नेटना करंट देते. अमेरिकेत मालवाहू ट्रेलरना नियमच आहे की असा सुटलेला ट्रेलर ब्रेक लावून किमान १५ मिनिटं थांबला पाहिजे, म्हणजे छोटी असली तरी बॅटरी दमदार लागते.

तपासायची रीत अशी. सपाट जागा, चाकांना दगड, आणि प्लग गाडीतून काढलेला, हे विसरायचं नाही कारण प्लग लावलेला असताना पिन ओढली तर करंट उलटा कंट्रोलरमध्ये शिरून तो खराब होऊ शकतो. एक चाक जॅकवर घ्या, हातानं फिरवा, आणि फिरत असतानाच दुसऱ्या कुणाला तरी पिन ओढायला सांगा. चाक जागच्या जागी धरलं पाहिजे. असं चारही चाकांना करा, पण प्रत्येक वेळी पिन काही सेकंदच बाहेर ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते आणि मॅग्नेट तापतात. एकाही चाकानं धरलं नाही तर बॅटरी किंवा तिचा अर्थ, एकाच चाकानं नाही धरलं तर त्या चाकाची वायर, मॅग्नेट किंवा ॲडजस्टमेंट.

बॅटरी आराम करत असताना १२.६ च्या आसपास पाहिजे. ती प्लगमधल्या काळ्या वायरीतून चार्ज व्हायला हवी, आणि बऱ्याच जणांकडं ती वायर जोडलेलीच नसते, मग बॅटरी पहिले दोन महिने चालते आणि नंतर नुसती डब्यात बसून असते. गाडी चालू करून बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा, आकडा साडेतेराच्या वर चढला तर चार्ज होतीय.

दोरी गाडीच्या चॅसिसला बांधा, हिचच्या गोळ्याला किंवा सेफ्टी चेनला नाही, कारण हिचच निखळला तर दोरी त्याच्याबरोबर जाईल आणि पिन जागेवरच राहील. दोरी एवढीच लांब ठेवा की घाटातल्या वळणाला ताणू नये, पण चेन पूर्ण ताणायच्या आत पिन निघावी. चेन दोन, हिचच्या खालून एकमेकींना छेद देऊन, म्हणजे ट्रेलरचं तोंड गोळ्यावरून निसटलं तरी ते त्या झोळीत पडतं, रस्त्यावर नाही.

आणि तपासून झालं की पिन परत घालताना पूर्ण आत बसेपर्यंत दाबा, अर्धवट बसली तर ब्रेक लागलेलाच राहतो आणि ड्रम तापून लायनर जळतात. पिन बसली की चाक पुन्हा एकदा हातानं फिरवा, मोकळं फिरलं की मग प्लग लावा आणि निघा.